साधं जेवण, पण कोणाच्या हातचं?

"आज काही नको, साधंच करू." शनिवारी रात्री कुठल्याही फ्लॅटमध्ये हे वाक्य ऐकू येतं. नवरा-बायको दोघंही आठवडाभर ऑफिसात पिचलेले, त्यामुळे साधं म्हणजे खिचडी, नाहीतर वरणभात, फार तर सोबत भाजलेला पापड. आता साध्या जेवणाला इतिहास असतो का, असं कुणी विचारलं तर आपण हसू. पण असतो. आणि त्या इतिहासातला एक मोठा तुकडा आमच्या वर्धा जिल्ह्यात आहे.

सेवाग्रामला शाळेच्या सहलीत तुम्ही गेला असाल. बापू कुटी बघितली असेल, चरखा, कंदील, साप पकडायचा चिमटा बघून "किती साधं राहायचे!" असं म्हणून बाहेर आला असाल. त्याच अंगणात, थोड्याच पावलांवर, आणखी एक छोटीशी कुटी आहे. बा कुटी. तिथे लोक कमी वेळ थांबतात. आजचा लेख त्या कुटीतल्या बाईंबद्दल आणि त्यांच्या नवऱ्याच्या ताटाबद्दल आहे.

गांधीजींवर राजकीय अंगाने ढिगाने लिहिलं गेलंय. त्यात मी काही भर घालणार नाही. मला रस आहे तो एका संसारात. साधारण १८८२ साली, दोघंही तेरा वर्षांच्या आसपास असताना लग्न झालं आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. म्हणजे जवळपास ६२ वर्षं. या ६२ वर्षांत त्या घरातला मेनू जितक्या वेळा बदलला, तितक्या वेळा आपण मोबाइलसुद्धा बदलत नाही. आणि बदलाची रिक्वायरमेंट दरवेळी एकाच बाजूने यायची.

सात पौंडांचं जातं

सुरुवात जोहान्सबर्गपासून करावी लागेल. १९०४ नंतरचा काळ. गांधीजी तेव्हा चांगली प्रॅक्टिस असलेले वकील होते. रस्किन वाचून त्यांच्या डोक्यात साधेपणाने जोर धरला होता. बाजारचा पाव बंद, घरीच कोंड्यासकट पिठाचा पाव करायचा असं ठरलं. गिरणीचं पीठही नको, म्हणून सात पौंड खर्चून हाताने चालवायचं जातं आणलं. लोखंडी चाक एकट्याला ओढत नसे, दोघं लागायचे. मग गांधीजी, त्यांचे मित्र पोलक आणि मुलं मिळून दळायची.

हे सगळं त्यांनी आत्मकथेत लिहिलंय. त्याच ओघात ते एक गोष्ट सहज सांगून जातात, की कस्तुरबाही कधीकधी दळणाला हात लावायच्या, पण दळायची वेळ हीच त्यांची स्वयंपाक सुरू करायची वेळ असायची.

मला हा तपशील फार बोलका वाटतो. दळण हा प्रयोग होता. त्यात व्यायाम होता, तत्त्व होतं, पुढे लिहिण्यासारखं काहीतरी होतं. स्वयंपाक मात्र प्रयोगात मोजलाच जात नव्हता, तो आपला आतल्या खोलीत चालू होता. आपल्या भाषेत सांगायचं तर पुरुष मंडळी नवीन फीचरवर आणि बा प्रॉडक्शन सपोर्टवर.

अर्थात गांधीजींवर अन्याय नको. त्या काळात वकिलाने स्वतः जातं ओढणं, संडास साफ करणं, कपडे धुणं या गोष्टी ऐकिवातही नव्हत्या. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी किती जणांनी स्वयंपाकघराचा उंबरठा कामासाठी ओलांडला होता? ते ओलांडत होते. पण आत कधी आणि कोणत्या कामासाठी शिरायचं, हे मात्र स्वतः ठरवत होते.

मीठ, डाळ आणि बकरीचं दूध

बा म्हणजे मुकाट सोसणारी बाई, अशी एक समजूत आहे. मूळ प्रसंग वाचले की ती टिकत नाही.

दक्षिण आफ्रिकेतलाच किस्सा. कस्तुरबांना रक्तस्रावाचा त्रास होता, शस्त्रक्रियेनंतरही तो उलटला. गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितलं. पुस्तकांचे दाखले देऊन झाले, विनवण्या झाल्या. शेवटी बा वैतागून म्हणाल्या, की डॉक्टरांनी सांगितलं तर हे तुम्हाला तरी सोडवेल का? झालं! गांधीजींनी त्याच क्षणी जाहीर केलं, की एक वर्ष मीठ आणि डाळ बंद, तू सोड किंवा नको सोडू. बा रडकुंडीला आल्या. मी सोडते, पण तुम्ही हे मागे घ्या, असं विनवत राहिल्या. पण शपथ ती शपथ. या प्रकरणाला गांधीजींनी नावच घरातला सत्याग्रह अशा अर्थाचं दिलंय. त्यांच्या लेखी ही प्रेमाची आठवण होती. आज वाचताना प्रेम दिसतं, आणि नवऱ्याच्या हट्टापुढे बाईला वाद घालायला जागा उरली नाही हेही दिसतं.

दुसरा प्रसंग याच्या बरोब्बर उलटा आहे. १९१२ साली गांधीजींनी दूध सोडलं होतं. १९१८ मध्ये खेड्याच्या धावपळीनंतर ते मरणाच्या दारात पोचले, हगवणीने अंगात त्राण उरलं नाही. मुंबईचे डॉक्टर दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय तब्येत सुधारणार नाही. गांधीजी म्हणाले, शपथ आहे. का घेतली होती, तर गाई-म्हशींवर होणाऱ्या क्रूर प्रकारांमुळे. बा शेजारीच होत्या. त्यांनी विचारलं, मग बकरीच्या दुधाला काय हरकत आहे?

प्रकरण मिटलं. :) मोठमोठ्या वकिलांना न सुचलेली पळवाट बांनी एका वाक्यात काढून दिली. गांधीजींना ही गोष्ट पुढे सलत राहिली. शपथेचे शब्द पाळले पण आत्मा पाळला नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पण त्या दुधाने ते उठून उभे राहिले आणि नंतर बकरी त्यांच्या आयुष्यातून गेली नाही. १९१९ नंतरच्या भारताच्या राजकारणात या एका वाक्याचा वाटा किती, याचा हिशोब मी तुमच्यावर सोडतो.

वर्ध्याचा प्रयोग

आता आपल्या गावाकडे येऊ. दांडीयात्रेला निघताना, म्हणजे १९३० साली, स्वराज्याशिवाय साबरमतीला परतणार नाही असं गांधीजी म्हणाले होते. १९३३ मध्ये तो आश्रम विसर्जित झाला. जमनालाल बजाज त्यांना बरीच वर्षं वर्ध्याला बोलवत होतेच. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि त्याचं मुख्यालय झालं वर्ध्यातली जमनालालजींची बाग. गांधीजींचे पुतणे मगनलाल यांच्या नावावरून तिला मगनवाडी म्हणू लागले.

संघाचे सचिव जे. सी. कुमारप्पा. लंडनला शिकलेले चार्टर्ड अकाउंटंट, पुढे अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले. या माणसाने वर्ध्यात बसून कशाचा अभ्यास केला? तर हातसडीचा तांदूळ, जात्याचं पीठ, घाणीचं तेल आणि गूळ यांचा. युक्तिवाद साधा होता. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होतो, पण त्यावरचा कोंडा आणि त्यातलं ब जीवनसत्त्व निघून जातं. म्हणजे गावातल्या माणसाची मजुरीही जाते आणि ताटातला कसही. आज मॉलमध्ये 'कोल्ड प्रेस्ड' असं लिहिलेली तेलाची बाटली चौपट भावात घेताना कुमारप्पांची आठवण काढायला हरकत नाही.

मगनवाडीत गांधीजींचे खाण्याचे प्रयोग जोरात होते. कडुलिंबाची चटणी होती. १९३५ मध्ये त्यांनी सोयाबीन खाऊन बघायला सुरुवात केली आणि 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलंही. आज खरिपात वर्ध्याकडे कुठल्याही रस्त्याने जा, कापूस, तूर आणि सोयाबीन. पण ते बहुतेक थेट तेलाच्या कारखान्यात जातं. शेतकऱ्याच्या ताटात आपली तुरीच्या डाळीचं वरणच. प्रयोग फसला म्हणावा की भलत्याच दिशेने यशस्वी झाला, ते ज्याचं त्याने ठरवावं.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी पायी सेगावला गेले आणि जूनच्या मध्यापासून तिथे राहू लागले. (शेगावची टपाल इकडे आणि इकडची तिकडे असा घोळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं.) झोपडीचा खर्च शंभर रुपयांवर जाऊ नये आणि सामान व मजूर गावचेच हवेत, अशी अट होती. उभी राहिली ती पहिली वास्तू म्हणजे आदि निवास.

आता हा आदि निवास डोळ्यांसमोर आणा. एक मोठी खोली. तिच्यात गांधीजी, बा, प्यारेलाल, खान अब्दुल गफार खान, येणारेजाणारे पाहुणे. आपले तुकडोजी महाराजही १९३६ साली तिथे राहून गेले. प्रत्येकाला एक कोपरा. देशाच्या इतिहासात फार सुंदर दिसणारं चित्र आहे हे. पण साठी ओलांडलेल्या बाईला कपडे कुठे बदलायचे, हा प्रश्न त्या चित्रात कुठेच बसत नाही. तो शेवटी जमनालालजींच्या लक्षात आला. बांची अडचण बघून त्यांनी शेजारी वेगळी कुटी बांधून दिली. तीच बा कुटी. चौपन्न वर्षांच्या संसारानंतर मिळालेली स्वतःची खोली, आणि तीही नवऱ्याच्या मित्राने ओळखून दिलेली.

अस्वाद नावाचा नियम

आश्रमाची अकरा व्रतं होती. त्यातलं एक अस्वाद. म्हणजे चवीसाठी खायचं नाही, शरीराला लागतं म्हणून खायचं. त्यामुळे उकडलेल्या भाज्या, कच्च्या भाज्या, पोळी, दूध, गूळ. मसाले नाहीत. त्यातही गांधीजींचा स्वतःचा वेगळा नियम होता. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी ठरवलं होतं, की दिवसभरात पाचपेक्षा जास्त पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर काहीच खायचं नाही.

ऐकायला किती सोपं! पाच पदार्थ म्हणजे काम कमी असंच वाटतं. आता दुसऱ्या बाजूने बघा. पाचच पदार्थ, म्हणजे मोजणारं कुणीतरी हवं. सूर्यास्ताच्या आत, म्हणजे चूल उन्हातच पेटणार, आणि वर्ध्याचा मे महिना काय चीज आहे ते तिथल्या माणसालाच विचारा. पंचेचाळीसच्या वर पारा आणि त्यात लाकडाची चूल. बकरीचं दूध म्हणजे बकऱ्या पाळणं, त्या वेळेवर पिळणं, दूध तापवणं. खाणाऱ्याचं ताट जितकं साधं, तितकं स्वयंपाकघराचं वेळापत्रक कडक.

गांधीजींना हे कळत नव्हतं असं नाही. घरोघरच्या चुलीत बायकांचा जन्म जातो, हे ते बोलून दाखवायचे. म्हणूनच टॉल्स्टॉय फार्मपासून सगळ्यांचं एकच स्वयंपाकघर हा त्यांचा आग्रह होता. सेवाग्रामला पाळ्या असायच्या, भाजी चिरायला आणि भांडी घासायला पुरुषही असायचे. आशादेवी आणि आर्यनायकम् या दाम्पत्याने तिथे नई तालीमची शाळा चालवली, त्यात स्वयंपाक हा मुलामुलींसाठी अभ्यासाचाच भाग होता. किती धान्य, किती माणसं, किती खर्च, हिशोब मुलांनीच मांडायचा. विचार केला तर आजही आपल्या शाळांमध्ये हे नाही.

आणि या पंगतीत सगळ्या जातींची माणसं शेजारी बसून जेवत होती. ते सहज घडलं नव्हतं. १९१५ मध्ये अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दूदाभाई, दानीबहेन आणि त्यांची मुलगी लक्ष्मी हे दलित कुटुंब राहायला आलं, तेव्हा खुद्द कस्तुरबांनी विरोध केला होता. पुढे त्याच लक्ष्मीला त्यांनी मुलगी मानून वाढवलं. १९३८ मध्ये मात्र बा आणि महादेवभाई देसाईंच्या पत्नी दुर्गाबहेन पुरीला जगन्नाथाच्या देवळात जाऊन आल्या. दलितांना बंद असलेल्या देवळात. गांधीजींना इतका त्रास झाला की त्यांचा रक्तदाब वाढला, आणि महादेवभाईंनी सोडून जायची भाषा केली. त्यात गांधीजी बरोबर होते, असं मला वाटतं. पण बायकोच्या मनात काय चाललंय हे त्यांना तोवर कळलंच नव्हतं, हेही त्या प्रसंगात दिसतं.

वर्ध्यातच जमनालालजी आणि जानकीदेवी हे दुसरं जोडपं होतं. जानकीदेवी १९०२ मध्ये लहान वयात सून म्हणून वर्ध्याला आल्या. घरात मारवाडी रीतभात, पडदा, दागिने. ते सगळं त्यांनी एकेक करून सोडलं. १९२८ मध्ये बजाजांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं. मंदिराचं दार एका दिवसात उघडतं. स्वयंपाकघराचं दार उघडायला घरातल्या बाईला रोज स्वतःशी झगडावं लागतं. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यसमितीने ब्रिटिशांनी भारत सोडावा हा ठराव वर्ध्यातच केला, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. देशभरातले पुढारी बजाजवाडीत उतरायचे. त्या सगळ्यांच्या जेवणाचं कुणी बघितलं, यावर मार्कांचा प्रश्न कधी येत नाही.

चूल आणि जातं

मगनवाडीच्या लोकांनी केलेलं एक काम मला सगळ्यात जास्त आवडतं. मगन चूल. मातीचीच, पण बंद. एकाच विस्तवावर दोन-तीन भांडी ठेवता येतील अशी भोकं, आणि धूर बाहेर न्यायला चिमणी. लाकूड कमी लागतं आणि बाईच्या डोळ्यांत धूर जात नाही. यात खाणाऱ्याचा नाही, करणाऱ्याचा विचार होता. साधेपणाच्या सगळ्या चर्चेत ही जागा फार क्वचित दिसते.

जात्याच्या बाबतीत मात्र बायकांचं मत वेगळं होतं. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या, त्यांचा आकडा एक लाखाच्या वर आहे. त्यात माहेर आहे, विठ्ठल आहे, भाऊ आहे, आणि पहाटेच्या कष्टाची तक्रारही भरपूर आहे. गावात विजेची पिठाची गिरणी आल्यावर बायकांनी डबे घेऊन रांगा लावल्या. कोंड्यातल्या जीवनसत्त्वाचा मुद्दा कुमारप्पांचा खरा होता, आणि पहाटेची झोप हवी हे त्या बायकांचंही खरं होतं. आपल्याकडे १९५९ नंतर देशी बनावटीचे प्रेशर कुकर यायला लागले. आज आपल्याला खिचडी "साधी" वाटते ती या गिरणीमुळे आणि कुकरमुळे. शंभर वर्षांपूर्वी तीच खिचडी कांडण, पाखडण, सरपण आणि पाणी भरण्यापासून सुरू व्हायची.

शेवटचा तक्ता

ऑगस्ट १९४२ च्या सुरुवातीला दोघं सेवाग्रामहून मुंबईला गेले. ९ तारखेला पहाटे गांधीजींना अटक झाली. शिवाजी पार्कच्या सभेत त्यांच्याऐवजी बा बोलणार होत्या, म्हणून त्यांनाही त्याच दिवशी पकडलं. दोघं पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये. सहाच दिवसांत, १५ ऑगस्टला, महादेवभाई तिथेच गेले.

त्या कैदेत गांधीजींनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात बैठं काम करणाऱ्या माणसाच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या, रोजच्या आहाराचा तक्ताच आहे. ग्रॅममध्ये बदलला तर साधारण असा: गाईचं दूध ९०० ग्रॅम, धान्य १७० ग्रॅम, पालेभाजी ८५, इतर भाज्या १४०, कच्ची भाजी २८, तूप ४२, गूळ किंवा साखर ४२, दोन लिंबं, ऐपतीप्रमाणे फळं आणि चवीपुरतं मीठ. एखाद्या डाएटिशियनने छापून द्यावा इतका नेटका. फक्त करायला किती वेळ लागतो, तो रकाना नाही.

त्याच वाड्यात, सत्तरी ओलांडलेल्या बायकोला ते रोज शिकवायला बसायचे. वाचन, थोडा भूगोल. तेराव्या वर्षी लग्न झाल्यापासून राहून गेलेलं शिक्षण. हे दृश्य मला त्या दोघांच्या सगळ्या व्रतांपेक्षा जवळचं वाटतं. बा तिथून परत आल्याच नाहीत. गांधीजी १९४४ मध्ये सुटले, सेवाग्रामला आले आणि २५ ऑगस्ट १९४६ रोजी शेवटचे तिथून निघाले. या मधल्या दोन वर्षांत बा कुटी रिकामी होती.

आता आपलं

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात एक आकडा आहे. घरकामात दिवसाला भाग घेणाऱ्या बायका ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. आणि भाग घेणाऱ्यांचा वेळ धरला तरी बायकांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे, दोन पगारांचे, डिशवॉशर घेऊ की नको यावर चर्चा करणारे आपण, १९०४ सालच्या जोहान्सबर्गपासून फार लांब आलेलो नाही. आपणही रविवारी यूट्यूब लावून मटण करतो, फोटो टाकतो, आणि सोमवारी सकाळी डब्याला काय, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात असतो ते आपल्याला ठाऊक असतं.

गांधीजींकडून घ्यायचं असेल तर एक गोष्ट जरूर घ्यावी. घरातलं कुठलंही काम हलकं नाही, आणि पुरुषाने ते केलंच पाहिजे. बांकडून घ्यायची ती म्हणजे बकरीच्या दुधासारखा व्यवहारी प्रश्न वेळेवर विचारायची धमक. आणि जमनालालजींकडून, न मागता दुसऱ्याची अडचण ओळखणं.

पुढच्या वेळी "साधंच करू" असं तोंडातून निघालं, की तांदूळ कोण धुणार, कुकर कोण लावणार आणि नंतर ओटा कोण पुसणार, हे त्याच दमात ठरवून टाका. आणि कधी सेवाग्रामला गेलात, तर बापू कुटीनंतर लगेच गाडीकडे वळू नका. शेजारच्या कुटीत पाच मिनिटं बसा. आत बघण्यासारखं फारसं काही नाही, पण बसा.